महालक्ष्मीचं रिंगण आणि पाण्याचा हिशोब

एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. पहिल्या वर्षाला हे पाठ केलं नाही असा प्राणी आपल्या कॉलेजात सापडणार नाही. पण ज्याच्या नावावर हे एकक आहे तो घोडा पूर्ण वेगात धावताना आपल्यापैकी किती जणांनी पाहिलाय? फार थोड्यांनी. आणि तो धावतो कुठे? परदेशात नाही, आपल्या लालबाग-परळपासून बसच्या अंतरावर, महालक्ष्मी रेसकोर्सवर.

मित्रांनो, मला वेड आहे मोटार रेसिंगचं. रविवारी फॉर्म्युला वन असली की घरच्या टीव्हीचा रिमोट माझ्याकडे. ‘मुंबईत असं एखादं सर्किट का नाही?’ हा प्रश्न आमच्या कट्ट्यावर नेहमीचा. त्याचं खरं उत्तर असं, की मुंबईत एक ऐतिहासिक सर्किट आहे, दीडशेच्या घरात वय असलेलं. फक्त तिथली गाडी चार पायांची आहे! आणि जगातल्या अनेक जुन्या मोटार सर्किटांसारखंच या सर्किटाचं भविष्यही गेली काही वर्षं टांगणीला लागलेलं आहे.

या लेखात मी रेस चांगली की वाईट यावर भाषण देणार नाही. मी सिव्हिलची विद्यार्थिनी. त्यामुळे आपल्या अभ्यासक्रमातलं एक साधं सूत्र घेऊन या जमिनीकडे बघायचं, एवढाच बेत आहे. कॉन्व्हेंटवाली मुलगी मराठी विभागात हायड्रॉलॉजी लिहितेय म्हणून घाबरू नका, गणित आठवीतल्या मुलालाही जमेल असं आहे.

सर्किट मरतं कसं?

आधी मोटारींची गोष्ट. इंग्लंडमधलं ब्रुकलँड्स हे मोटार शर्यतींसाठी मुद्दाम बांधलेलं पहिलं मोठं सर्किट. साल १९०७. उतरत्या काँक्रीटची भिंतच वाटावी असे त्याचे वळणाचे भाग होते. १९३९ ला महायुद्ध आलं, रेस थांबल्या, आवारातल्या विमान कारखान्यांना जागा लागली आणि ट्रॅक मधेच तोडला गेला. युद्ध संपलं, पण रेस परत आल्या नाहीत. आज तिथे म्युझियम आहे आणि जुन्या ट्रॅकचे तुकडे आहेत.

आपल्या देशात बघा. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर कितीतरी वर्षं रेस भरायच्या. १९९० च्या सुमारास इरुंगट्टुकोट्टईला नवा ट्रॅक झाला आणि शोलावरम मागे पडलं. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट तर आपल्या पिढीचं. २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षं तिथे फॉर्म्युला वन झाली, तिन्ही वेळा सेबास्टियन व्हेटेल जिंकला, आणि मग करांच्या वादात सगळं थांबलं. २०२३ मध्ये मोटारसायकलींची एक मोठी रेस झाली, पण फॉर्म्युला वन काही परतली नाही.

या तीन गोष्टींत एक साम्य आहे. वेग कमी पडला म्हणून कुठलंच सर्किट मेलं नाही. युद्ध, नवी सोयीची जागा, कर, जमिनीचा भाव... कारण प्रत्येक वेळी बाहेरचं होतं. आणि दुसरी गोष्ट भूमितीची. क्रिकेटचं मैदान थोडं लहान झालं तरी खेळ चालतो, सीमारेषा आत घ्यायची की झालं. रिंगणाचं तसं नसतं. त्यातला शंभर मीटरचा तुकडा काढला तर उरलेलं रिंगण राहत नाही, तो एक रस्ता होतो. म्हणून सर्किटाच्या बाबतीत ‘थोडंसं घेऊ’ हे वाक्य फार जपून ऐकावं लागतं.

भरतीच्या पाण्यातून वर आलेली जमीन

आता महालक्ष्मी. सात बेटांच्या मुंबईत महालक्ष्मी आणि वरळी यांच्या मधे मोठी खिंड होती. भरतीला समुद्र तिथून आत शिरायचा आणि थेट भायखळा-कामाठीपुऱ्यापर्यंतचा सखल भाग पाण्याखाली जायचा. १७८० च्या दशकात गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात तिथे बांध घातला गेला. तोच हॉर्नबी वेलार्ड, म्हणजे आजचा हाजीअलीजवळचा लाला लजपतराय मार्ग. बांध सारखा ढासळत होता, मग रामजी शिवजी प्रभू यांना स्वप्नात देवी दिसली, समुद्रातून मूर्ती बाहेर काढल्या आणि नंतर बांध टिकला, ही महालक्ष्मी मंदिराची आख्यायिका गिरगावातल्या बहुतेक घरांत ठाऊक असते. आपल्या फील्डमधल्या माणसाची म्हणून मला ती विशेष आवडते!

बांधामुळे समुद्र अडला, पण आतली जमीन सखलच राहिली. दलदलीची, पाणी धरून ठेवणारी. मुंबईतल्या रेस पूर्वी भायखळ्याला भरत. १८८३ मध्ये महालक्ष्मीच्या या सखल जमिनीवर नवं रेसकोर्स झालं, ते मेलबर्नच्या कॉलफील्ड रेसकोर्सच्या धर्तीवर. क्लबला १९३५ मध्ये ‘रॉयल’ ही पदवी मिळाली आणि तो रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब झाला. पहिली इंडियन डर्बी इथे १९४३ मध्ये झाली. अंतर २४०० मीटर. इथले जुने ग्रँडस्टँड वारसा यादीत आहेत.

एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मुंबईचा रेसचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो. पावसाळ्यात रेस पुण्याला जातात. म्हणजे ज्या चार महिन्यांत मुंबई पाण्याशी झुंजते त्याच चार महिन्यांत हे मैदान रेसपुरतं रिकामं असतं.

आमच्या लालबागमध्ये रेसकोर्सबद्दल कधी फार चांगलं बोललं गेलं नाही हेही खरं. ‘रेसच्या नादाला लागला’ म्हणजे पगार संपला, असा सरळ अर्थ. माझे आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. ते म्हणतात, “अगं, तिथे सूटबूटवाले आत आणि आमच्यासारखे कुंपणाबाहेर. घोडा दोघांचेही पैसे खायचा, एवढीच काय ती समानता!” त्यामुळे सरकारने ही जमीन घेऊन बाग करावी असं कुणी म्हटलं की गिरणगावातला माणूस आधी खूशच होतो. मीही झाले होते. नंतर मी गणित मांडलं.

घोड्याने राखलेली जागा

समजा २४०० मीटर परिघाचं एक वर्तुळ आहे आणि त्यावर ३० मीटर रुंदीचा ट्रॅक आहे. ट्रॅकची जागा किती? २४०० गुणिले ३०, म्हणजे ७२ हजार चौरस मीटर, साधारण १८ एकर. आणि वर्तुळाच्या आतली जागा? साडेचार लाख चौरस मीटरच्या थोडी वर, म्हणजे ११३ एकर. लंबगोल केला की आतली जागा कमी होते, तरी ती ट्रॅकच्या कितीतरी पट राहते. म्हणजे रेस धावते ती एका बारीक पट्टीवर, पण तिच्यामुळे मोकळी राहते ती आतली प्रचंड जागा.

ती मोकळी का राहते? कारण स्टँडमध्ये बसलेल्या माणसाला समोरच्या बाजूचा घोडाही दिसला पाहिजे. मधे चार मजल्यांची इमारत उभी केली तर अर्धी रेस दिसणारच नाही. प्रेक्षकाची नजर आडवी जावी म्हणून मधली जमीन सपाट, बुटकी, गवताची राहिली. वारीतलं रिंगण आठवा. अश्व कडेने धावतो, आणि ते धावणं दिसायला मधे जागा लागते.

महालक्ष्मीला नेमकं हेच झालं. आजूबाजूला गिरण्यांच्या जागी टॉवर आले, पण सुमारे २११ एकरांची ही जमीन मोकळी राहिली. कुणी पर्यावरणाचा विचार करून ती राखली नाही, रेसने राखली. हे क्लबचं कौतुक म्हणून सांगत नाही, कारण म्हणून सांगतेय. कारण समजलं की पुढचा धोका समजतो. उद्या रेस बंद पडल्या तर मधली जागा मोकळी राहण्याचं कारणच संपेल. मग तिच्यासाठी दुसरं कारण आपल्यालाच, आणि तेही कागदावर, तयार करावं लागेल.

रेस बंद पडणं ही कल्पनेतली गोष्ट नाही. जुलै २०१७ पासून घोड्यांच्या रेसवरच्या पैजेवर २८ टक्के जीएसटी लागला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्के झाला. बुद्ध सर्किटाचं दुखणं कराचं होतं, हे वर आलंच आहे.

२०१३ ते २०२४

आता थोडा इतिहास. या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग महापालिकेचा, बाकी राज्य सरकारचा. क्लबचा भाडेपट्टा ३१ मे २०१३ ला संपला. तेव्हा महापौरांनी थीम पार्कची कल्पना मांडली, विरोध झाला, आणि निर्णयाशिवाय दहा वर्षं गेली.

जानेवारी २०२४ मध्ये क्लबच्या सभासदांनी बहुमताने नवा प्रस्ताव मान्य केला आणि त्याच वर्षी राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. १२० एकर महापालिकेला सार्वजनिक उद्यानासाठी, ९१ एकर क्लबकडे, २०२३ ते २०५३ अशा तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने. कोस्टल रोडसाठी भराव घालून तयार झालेली सुमारे १७५ एकर मोकळी जागा भुयारी मार्गाने याला जोडायची, म्हणजे मिळून तीनशे एकरांच्या आसपासचं ‘सेंट्रल पार्क’ होईल. पुढे भूमिगत पार्किंगची आणि भूमिगत क्रीडासंकुलाचीही चर्चा झाली.

या निर्णयावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे. लोकांच्या जमिनीवर लोकांना हक्काने जाता यावं हे शंभर टक्के बरोबर. सकाळी फिरायला येणाऱ्यांना क्लब आत सोडत आलाय, पण सोडणं वेगळं आणि हक्क वेगळा. गिरणगावात मुलांना खेळायला जागा किती आहे ते आपण बघतोच. दुसऱ्या बाजूला, नवे तबेले बांधण्याचा खर्च महापालिकेने का करावा, हा प्रश्न विचारला गेला. आणि मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आले होते, त्यामुळे २०२४ मध्ये हे सगळं ठरत असताना सभागृहात एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. एवढ्या मोठ्या जमिनीच्या बाबतीत ही गोष्ट खटकते.

पण या सगळ्या चर्चेत मला एक शब्द फारसा ऐकू आला नाही. तो म्हणजे पाणी.

आता सूत्र!

पावसाचं किती पाणी वाहून जाईल हे काढायला आपल्या पुस्तकात एक सोपं सूत्र आहे, रॅशनल मेथड.

क्यू = सी × आय × ए ÷ ३६०

क्यू म्हणजे सेकंदाला वाहणारं पाणी, घनमीटरमध्ये. आय म्हणजे पावसाचा जोर, तासाला किती मिलिमीटर. ए म्हणजे क्षेत्रफळ, हेक्टरमध्ये. आणि सी म्हणजे पडलेल्या पाण्यातला किती भाग जमिनीवरून वाहून जातो. काँक्रीट, डांबर, गच्ची यांचा सी ०.९ च्या आसपास. गवताच्या मोकळ्या जमिनीचा सर्वसाधारणपणे ०.३ किंवा त्याहून कमी. बाकीचं पाणी मुरतं, खळग्यात थांबतं.

मुंबईची इंग्रजांच्या काळातली गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि सी ०.५ धरून केलेली होती. म्हणजे निम्मं पाणी जमीन पिऊन टाकेल असा तेव्हाचा हिशोब. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने तासाला ५० मिलिमीटर आणि सी १ धरायला सांगितलं. जरा थांबून याचा अर्थ लावा. सी ०.५ चा १ झाला, म्हणजे शहराच्या जमिनीकडून पाणी पिण्याची अपेक्षाच सोडून दिली. एका आकड्यात मुंबईचा शंभर वर्षांचा इतिहास आला!

आता आपले १२० एकर, म्हणजे ४८.६ हेक्टर. पाऊस तासाला ५० मिलिमीटर.

सी ०.३ असेल तर क्यू येतो सेकंदाला सुमारे २ घनमीटर.
सी ०.९ असेल तर क्यू येतो सेकंदाला सुमारे ६.१ घनमीटर.

फरक सेकंदाला ४ घनमीटरपेक्षा थोडा जास्त. तासाभरात सुमारे १ कोटी ४६ लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेचौदाशे टँकर. हाजीअलीसारख्या पंपिंग स्टेशनवरचा एक मोठा पंप सेकंदाला ६ घनमीटर पाणी फेकतो. म्हणजे हे १२० एकर मातीचे राहिले तर एका अजस्र पंपाचं दोन तृतीयांश काम ते वीज न खाता, डिझेल न पिता करतील. (सगळी जमीन पक्की होणार असं कुणी म्हटलेलं नाही. ही दोन टोकं आहेत. खरा प्लॅन मधे कुठेतरी पडेल, आणि तो नक्की कुठे पडतो हाच मुद्दा आहे.)

पंपाची आठवण करायचं कारण म्हणजे भरती. मोठी भरती असली की गटारांची समुद्राकडची तोंडं पाण्याखाली जातात, पाणी आपोआप बाहेर जात नाही, पंपाने ढकलावं लागतं. जोराचा पाऊस आणि भरती एका वेळी आली की काय होतं ते हिंदमाताच्या चौकात उभं राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. माझ्या तर सबंध शाळेचे पावसाळे हिंदमाताच्या पाण्यात बुटांचा विचार करण्यात गेले. त्या पाण्यासाठी २०२१-२२ च्या सुमारास महापालिकेने परळचं सेंट झेवियर्स मैदान आणि दादरचं प्रमोद महाजन उद्यान यांच्याखाली साठवण टाक्या बांधल्या. पाणी आधी टाकीत थांबवायचं, भरती उतरली की सोडायचं. म्हणजे पाण्याला थांबायला जागा हवी हे महापालिकेलाही मान्य आहे. हिंदमातासाठी ती जागा खणून, बांधून, कोट्यवधी रुपये घालून तयार करावी लागली. महालक्ष्मीला ती आयतीच आहे.

हिरवं म्हणजे माती नव्हे

आता कुणी म्हणेल, उद्यानच तर करणार आहेत, मग सी वाढेल कशाला? इथेच गंमत आहे.

नकाशात हिरवा रंग भरला की आपल्याला वाटतं माती आहे. पण भूमिगत पार्किंगच्या स्लॅबवर एक मीटर माती टाकून लॉन लावलं तरी नकाशात ते हिरवंच दिसतं. ती माती एका मोठ्या ट्रेमधली माती आहे. ट्रे भरला की पाणी वाहणारच, कारण खाली मुरायला जमीन नाही. मोठ्या झाडाची मुळंही तिथे मोकळी वाढत नाहीत. वर वॉकिंग ट्रॅक, प्लाझा, कारंजी, फूड कोर्ट असं एकेक वाढत गेलं की सी हळूहळू चढतो, आणि उद्घाटनाच्या फोटोत ते दिसत नाही.

शिवाय ही मुळातली दलदलीची, सखल जमीन. इथे खोल तळघर बांधायचं म्हणजे बाहेरून पाण्याचा दाब येणार. स्लॅबच्या खाली दर एक मीटर पाण्यामागे चौरस मीटरला साधारण एक टन उचल लागते. पाच मीटर पाणी म्हणजे पाच टन. हे करता येत नाही असं नाही, जगभर करतात. पण त्यासाठी वजन वाढवावं लागतं किंवा तळाला नांगरून ठेवावं लागतं, आणि पाणी कायम उपसत राहावं लागतं. म्हणजे जी जमीन शहराचं पाणी सांभाळायची तिच्यातूनच आपण पाणी उपसत बसणार.

एक प्रामाणिक अडचणही सांगते, नाहीतर आमचे सर पेपर तपासल्यासारखे लाल गोल करतील. नुसतं गवत ठेवलं की प्रश्न सुटला असंही नाही. जुलैच्या सततच्या पावसात माती भरून जाते आणि गवताचा सीसुद्धा वाढतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढं पाणी कुठलंच लॉन पिऊ शकत नाही. (त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७३ मिलिमीटर पडला होता, म्हणजे तो ढग थोडा दक्षिणेला फुटता तर महालक्ष्मीचं काय झालं असतं याचा विचार करा.)

म्हणून जमीन मातीची ठेवायचीच, पण तिला थोडा खोलगट आकारही द्यायचा. १२० पैकी फक्त २० एकर आजूबाजूपेक्षा एक मीटर खोल ठेवले तर तिथे सुमारे ८ कोटी लिटर पाणी काही तास थांबू शकतं. एरवी तेच क्रिकेट-फुटबॉलचं मैदान. पावसात रेस नसतात, त्यामुळे घोड्यांचीही अडचण नाही. डास होऊ नयेत म्हणून भरती ओसरल्यावर एक-दोन दिवसांत ते रिकामं होईल अशी वाट ठेवायची. यात नवं तंत्रज्ञान काहीच नाही, उतार आणि झडपा आहेत.

हे स्वप्नरंजन वाटत असेल तर चेन्नईकडे बघा. गिंडीच्या मद्रास रेस क्लबची सुमारे १६० एकर जमीन तमिळनाडू सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये ताब्यात घेतली आणि शेजारच्या वस्त्यांतलं पुराचं पाणी साठवण्यासाठी तिथे तळी खणायला सुरुवात झाली. क्लब आणि सरकार यांचा वाद कोर्टात गेला. त्या वादात कोण बरोबर ते कोर्ट ठरवेल. पण रेसकोर्स म्हणजे पाणी थांबवायची जागा, हे एका शहराने प्रत्यक्षात आणलं. आपल्याकडे तर घोडे न हलवताही ते करता येईल.

गिरण्यांचा धडा

‘उद्यान म्हटलंय ना, मग उद्यानच होईल’ असं म्हणणाऱ्यांसाठी आता घरचीच गोष्ट.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगावाचा भोंगा हळूहळू बंद झाला. आमच्या आजोबांचाही. गिरण्यांच्या जमिनींचं काय करायचं याचा नियम १९९१ मध्ये आला, विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा. साधारण अर्थ असा, की गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. ऐकायला किती छान! सहाशे एकरांच्या आसपास गिरण्यांच्या जमिनी, म्हणजे परळ-लालबागमध्ये बागाच बागा व्हायला हव्या होत्या.

२००१ मध्ये नियमात बदल झाला. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, तर ज्या जमिनीवर बांधकाम नाही तेवढ्याच मोकळ्या तुकड्याची करायची. गिरणीत मोकळा तुकडा असतो किती? सगळीकडे शेडच शेड. एका वाक्याने ‘एक तृतीयांश’ आटला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा अर्थ अमान्य केला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकांच्या बाजूने निकाल दिला. आज लोअर परळला आपण मॉलमध्ये जातो ते त्याच वाक्यावरून चालत जातो.

बघा, कुणी जमीन पळवून नेली नाही. सगळं नियमाने झालं, फक्त नियमातल्या एका शब्दाची व्याख्या बदलली. म्हणून महालक्ष्मीच्या बाबतीत ‘उद्यान’, ‘हिरवं’, ‘मोकळं’ हे शब्द मला पुरेसे वाटत नाहीत. शब्दाबरोबर आकडा हवा.

मग आपण काय मागायचं?

माझं म्हणणं तीन ओळींत सांगते.

एक, १२० एकरांपैकी किती एकर खालपर्यंत माती राहणार, ज्याच्याखाली स्लॅब नाही, हा आकडा करारात लिहिलेला असावा. नुसतं ‘हरित क्षेत्र’ नको.

दोन, सगळ्या जागेचा मिळून सी आज किती आहे आणि काम झाल्यावर किती होईल, हे प्लॅनबरोबर जाहीर करावं. तो वाढणार नाही ही अट असावी. रस्ता, प्लाझा हवाच असेल तर तेवढं पाणी थांबवायची जागा आतच करावी.

तीन, क्लबकडच्या ९१ एकरांनाही हेच लागू व्हावं, आणि रेस बंद पडल्या तरीही. भाडेपट्टा २०५३ ला संपेल. तोवर घोडे असतील की नसतील हे कोण सांगणार? रिंगण गेलं तरी मधलं मैदान राहिलं पाहिजे, आणि त्यासाठी घोड्यापेक्षा टिकाऊ कारण लागेल. पाऊस हे तसं कारण आहे. त्याचा भाडेपट्टा संपत नाही!

रेसकोर्स कुणाचं, यावर लोक अजून बरीच वर्षं भांडतील. श्रीमंतांचं की गरिबांचं, क्लबचं की महापालिकेचं. भांडावंच, जमीन लोकांची आहे. पण कुंपणाच्या आत कोण फिरतं यापेक्षा कुंपणाच्या बाहेर कुणाच्या घरात पाणी शिरतं, हा प्रश्न मला जास्त जवळचा वाटतो. खालच्या मजल्यावरचा माणूस रेसला कधी गेला नाही आणि कदाचित सेंट्रल पार्कलाही जाणार नाही. त्याला फक्त पाणी दोन तास उशिरा यायला हवंय, तेवढ्यात भरती उतरते.

ज्युनिअर मित्रमैत्रिणींनो, फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय सुचत नसेल तर हा घ्या. आपल्या वॉर्डातलं कुठलंही एक मैदान निवडा. पावसाळ्याआधी त्याची पातळी मोजा, मातीचा भाग आणि पक्का भाग वेगळा काढा, मुरण्याचा वेग मोजायला दोन लोखंडी कडी आणि बादलीभर पाणी पुरतं. मग सी काढा आणि दहा वर्षांपूर्वीच्या नकाशाशी ताडून बघा. शिवाजी पार्क, नरे पार्क, आझाद मैदान, जांबोरी... प्रत्येकाचा आकडा काढून ठेवला तर उद्या कुणी कुठल्याही मैदानाचा प्लॅन घेऊन आलं की आपल्याकडे घोषणा नाही, हिशोब असेल. आणि हिशोब मागणाऱ्या इंजिनीअरला ‘तुम्हाला यातलं काय कळतं?’ असं कुणी म्हणू शकत नाही.